पडद्याच्या पुढचे काका

लग्नाची पंगत उठली की आपण सगळे खरकटे हात पुढे धरून नळ शोधतो. आमचे दिगंबरकाका उठत नाहीत. ते पिशवीतून थर्मास काढतात, झाकण फिरवतात आणि पापड भाजायच्या चिमट्यानं आतला वाफाळता ओला रुमाल अलगद बाहेर काढतात. मग स्वतःचे हात तसेच खरकटे ठेवून समोरच्या ताटावर बसलेल्या बाईपुढं, मग ती ओळखीची असो वा नसो, तो चिमटा अदबीनं धरतात.

"घ्या ताई. पुसा निवांत. घाई न्हाई."

उदगीरच्या एका लग्नात एका मावशींना वाटलं, काहीतरी नवीन वाफवलेलं पक्वान्न आलंय. त्यांनी पान पुढं केलं आणि म्हणाल्या, "अर्धंच वाढा, पोट भरलंय." सगळी पंगत हसली. काका हसले नाहीत. "पहिल्यांदा सगळ्यांनाच तसं वाटतं," म्हणाले आणि रुमाल कसा वापरायचा ते त्यांना समजावून सांगत बसले.

काका मूळचे देवणीचे. पशुधन पर्यवेक्षक म्हणून सगळी नोकरी गाईबैलांत गेली. निवृत्तीनंतर लातूरला आमच्या कॉलनीत आमच्या मागच्या घरात राहायला आले. उंच, हाडकुळे, भुवया पांढऱ्या आणि दाट. त्यांचा मुलगा अविनाश अमेरिकेत असतो. त्याच्याकडं काका-काकू एकदाच जाऊन आले, आणि जाताना काका अरबांच्या एका बड्या कंपनीच्या विमानात बिझनेस क्लासमध्ये बसले होते, हे आमच्या कॉलनीतल्या दूधवाल्यालाही माहीत आहे.

त्या प्रवासानंतर काकांनी जगाची नवी वाटणी केली. "विमानात एक पडदा असतो, सर," ते मला सांगत. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, म्हणून वयानं लहान असूनही मी त्यांचा 'सर'. "पडद्याच्या मागं आपण सगळी पब्लिक. पडद्याच्या पुढं निवांत कारभार." तेव्हापासून माणसं, आंबे, जनावरं, सरकारी दवाखाने, सगळं त्यांनी या पडद्यानं वेगळं केलं. केशर आंबा हातात घेऊन ते म्हणत, "हा पडद्याच्या पुढचा." देवणीचा वळू तर जन्मानंच पुढचा. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांविषयी त्यांचं मत मी एकदा विचारलं. त्यांनी जरा विचार केला. "मागचा. अगदी मागचा. संडासाजवळचा."

लातूरहून नांदेडला बहिणीकडं जाताना ते एसटीनंच जात. मी एकदा त्यांच्यासोबत होतो. कंडक्टर तिकीट फाडत होता, तर काकांनी त्याला शांतपणे विचारलं, "साहेब, आज जेवायला काय काय हाय?"

कंडक्टरनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "अहमदपूरला गाडी थांबल. वडापाव खावा."

"ठीक हाय," काका म्हणाले. "घाई न्हाई."

त्यांच्या घरातलं मुख्य आकर्षण म्हणजे आडवी होणारी खुर्ची. एका दातांच्या डॉक्टरनं दवाखाना बंद केला, तेव्हा त्याची जुनी खुर्ची काकांनी उचलून आणली. दिवा आणि थुंकायचं भांडं काढून टाकलं. ती आतल्या खोलीत ठेवली, दाराला पडदा लावला. घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या खुर्चीत बसावंच लागे. काका पायानं पेडल दाबत, खुर्ची कुरकुरत आडवी होई. मग ते पडदा ओढून घेत आणि बाहेर उंबऱ्याशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहत. माझी बायको नंदा पहिल्यांदा बसली तेव्हा आतून ओरडली, "काका, मला दात काढायचा नाही!"

स्वतः काका त्या खुर्चीत बसलेले मी कधी पाहिले नाहीत. विचारलं तर म्हणत, "माझं झालंय बसून."

संध्याकाळी चहाला गेलं की विमानाची गोष्ट व्हायचीच. मला ती ऐकायला आवडायची, आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये नक्कल करून सांगायला त्याहून जास्त आवडायची. 'बिझनेसकाका' हे नाव मीच पाडलं. नंतर मला त्याचं वाईट वाटलं. पण मला पुष्कळ गोष्टींचं नंतर वाईट वाटतं आणि त्यानं कुणाला काही फायदा झाल्याचं आठवत नाही.

"जेवायच्या आधी पांढरंशुभ्र कापड अंथरतात," काका सांगत. "चमचे असे जड, की हातातून निसटावेत. वरणाला फोडणी न्हाई, ते सोडा. पण विचारतात कसं? नाव घेऊन. आपण गाभण गाईला विचारून विचारून चारा टाकतो का न्हाई, तसं. खाली पांढरा गालिचा..."

इथं स्वयंपाकघराच्या दारातून खोकल्याचा आवाज यायचा. दारात सुमनकाकू उभ्या असत. ठेंगणी, गोरी बाई. बोलायच्या जवळजवळ नाहीतच. काकांची गोष्ट सुरू झाली की हातातलं काम तसंच ठेवून दारात येऊन उभ्या राहायच्या आणि ओठ दाबून हसायच्या.

"न्हाई, निळा," काका लगेच सुधारत. "निळा गालिचा. पाय रुततो त्यात. आणि खुर्चीच्या फटीत पदर अडकतो, तेवढा सांभाळायचा."

"पदर?" नंदा एकदा म्हणाली. "तुमचा, काका?"

आम्ही पोट धरून हसलो. काकांचे कान लाल झाले. "तुम्हाला उपयोगी पडावं म्हणून सांगायलो," ते म्हणाले. काकू घाईघाईनं आत गेल्या आणि बराच वेळ भांडी घासत राहिल्या.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आजारपण थोडक्यात आटोपलं. अविनाश पोचला तेव्हा सगळं झालेलं होतं. काकांनी त्याला एका शब्दानंही बोल लावला नाही. दहावा-तेरावा झाला, तो परत गेला, आणि महिन्याभरात काकांनी पुन्हा थर्मास बाहेर काढला. विमानाची गोष्ट पुन्हा सुरू झाली, उलट आधीपेक्षा जास्त. फक्त आता मधेच ते थांबत आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत. खोकला येत नसे. मग स्वतःच म्हणत, "निळा. निळाच होता."

या वर्षी अविनाशचा मला फोन आला. आवाज रडवेला होता.

"सर, तुम्ही बाबांना समजवा. त्यांची नात रोज विचारते, आजोबा कधी येणार. मी त्यांच्यासाठी मुद्दाम बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. त्यांना ते एवढं आवडतं म्हणून. तर म्हणतात, येत नाही. आईच्या वेळी मी वेळेवर पोचलो नाही, त्याचा राग आहे त्यांच्या मनात. सरळ बोलत नाहीत, तिकिटावर काढतायत."

मी त्याच संध्याकाळी गेलो. काका उंबऱ्याशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पडदा अर्धा उघडा, आत ती खुर्ची आडवी पडलेली.

"काका, हे काय करायलाव? पोरगं तिकडं झुरतंय."

"मी येत न्हाई कुठं म्हणलो? मागचं तिकीट काढ म्हणलो. तर म्हणतो, बाबा, पैशाचा विचार करू नका."

"मग बसा की पुढं. सगळ्या लातूरला पुढचं पुढचं सांगत फिरता आणि आता चालून आलंय तर—"

काकांनी हात लांबवून अर्धा उघडा पडदा पूर्ण ओढून घेतला. मग म्हणाले, "सर, मी पुढं बसलोच न्हाई कधी."

मला आधी वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"हैदराबादच्या विमानतळावर मागं गर्दी जास्त झाल्ती," ते सांगू लागले. "तिकीट दोघांचंबी मागचंच. तिथली बाई म्हणली, दोघांतल्या एकाला पुढं बसवतो. बोलायली माझ्याकडं बघूनच. मी म्हणलो, हिला द्या. हिचे पाय सुजले होते. हिनं माझी बाही धरली. मी एकटी न्हाई बसत, म्हणली. पहिलंच विमान तिचं. भियायली होती. मी म्हणलो, जा गं, मी मागं हायच की."

"म्हणजे काकू बसल्या होत्या."

"हाव. रुमाल दिला तर तिला वाटलं खायचं काहीतरी हाय. बिचारी बघत बसली, बाकीचे काय करायलेत म्हणून." ते हसले. "मला मागं चैन पडंना. तिला पट्टा लावता येईल का, पाणी मागता येईल का. दिवे बारीक झाले तसा मी उठून पडद्यापर्यंत गेलो. तिथल्या पोरीनं अडवलं. मी म्हणलो, माय मिसेस, माय मिसेस. तिला काय वाटलं कोण जाणे. तिनं पडदा हातभर बाजूला धरला."



"झोपली होती, सर. आडवी. तोंड उघडं, पदर खाली लोंबलेला. आणि घोरायली होती." काका स्वतःच्या हातांकडं बघत होते. "लग्न झाल्यापासनं ही माझ्याआधी उठायची, माझ्यानंतर आडवी व्हायची. तापात पडली तरी माझं पाऊल वाजलं की डोळे उघडायची. ही बाई झोपलेली मी बघितलीच न्हवती. मला आधी वळखूच आली न्हाई. वाटलं, कुणाची तरी दुसऱ्याचीच बायको बघायलो." ते थांबले. "ती पोरगी खुणेनं विचारायली, उठवू का? मी म्हणलो, नको, नको. घाई न्हाई."

बाहेर कुणाचा तरी टँकर मागं घेण्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत आम्ही बसून राहिलो.

"मधल्या विमानतळावर उतरलो तर पुढच्या विमानाला वेळ होता," ते म्हणाले. "तिथं बाकड्यावर बसून तिनं मला सगळं सांगितलं. एवढं ती जन्मात बोलली नसंल. आणि वर म्हणली, कुणाला सांगू नका. नवरा मागं अवघडून बसला आणि ही पुढं पाय पसरून झोपली म्हणतील. तुम्हीच बसला होता म्हणून सांगा. मी सांगत आलो. चुकलं की ती खोकायची."

"मग आता तर बसाच, काका. काकूंनी पाहिलं ते तुम्हीही बघा."

"तेच नको हाय ना." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आजवर मला दिसतंय ते तिच्या डोळ्यांनी. मी जाऊन बसलो की माझं मला दिसल. आणि तिथला गालिचा निळा नसला तर, सर? मग तिचं कुठं ऱ्हाईल?"

भूगोलात असली अडचण येत नाही. मी एवढंच म्हणालो, "हे अविनाशला सांगा. त्याला वाटतंय, तुम्ही त्याच्यावर रागावलात."

"तिनं कुणाला सांगू नका म्हणलं होतं."

"मला सांगितलंत की."

काकांनी चष्मा काढला. "हाव. तेबी खरंय." मग चष्मा पुसून त्यांनी स्वतः फोन लावला. मी उठून बाहेर अंगणात गेलो, आणि खरं सांगायचं तर कान आतच ठेवला. काका हळू बोलत होते. मग बराच वेळ फक्त ऐकत होते. शेवटी म्हणाले, "रडू नको बाळा. मागचं काढ. जमलं तर पडद्याजवळचं."

हैदराबादला सोडायला मीच गेलो. मदत म्हणून गेलो असं मी सगळ्यांना सांगितलं. हैदराबादची बिर्याणीही डोक्यात होती, हे सांगितलं नाही. विमानतळाच्या दारात काकांनी पिशवीतून थर्मास काढून माझ्या हातात दिला. "आत पाणी नेऊ देत न्हाईत," म्हणाले, आणि बॅग ढकलत, मागं न बघता निघून गेले.

पोचल्यावर त्यांचा फोन आला. जागा पडद्यामागची पहिलीच मिळाली होती. पडदा एकदा हलला, पण त्यांनी मान दुसरीकडं वळवली. मी भीत भीत विचारलं, हे सगळं लिहिलं तर चालेल का?

"अविनाशला ठाऊक झालंय, आता लिहा," काका म्हणाले. "पण गालिचा निळा लिहा."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गजराच्या आधी डोळे उघडले. कूस वळवली. शेजारी चादरीची घडी घातलेली होती, उशी थंड होती, आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी दारात जाऊन उभा राहिलो.

नंदानं वळून बघितलं. "हे काय, एवढ्या लवकर? काही दुखतंय का?"

"नाही," मी म्हणालो. "तू कधी उठलीस?"

"मी?" तिला प्रश्नच कळला नाही. "रोजच्यासारखी. तुम्ही पडा अजून. चहा झाला की उठवते."