अर्जाला पडलेल्या टाळ्या

लिंबानी हे लिहिणारच नव्हता. लिहिलं की त्याचा अहवाल होतो आणि अहवाल झाला की तो अगदी सुरक्षित राहतो, म्हणजे कुणी उघडत नाही. पण शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि रीतसर शिबिर घेतल्याशिवाय हक्क कुणाला देता येत नाही. म्हणून मलावी सरोवराकाठच्या त्या शाळेत 'तरुण नेते, समान शिक्षण' असं तीन दिवसांचं शिबिर भरलं. (शिबिराला वर्गखोल्या लागणार होत्या, म्हणून मुलांना तीन दिवस सुट्टी.)

लिंबानी तरुण नेता, शिबिराचा अध्यक्ष. शाळा आठवीत सुटली, बाकीचं शिबिरांत शिकला. अकरा प्रमाणपत्रं, नऊ टीशर्ट. उद्घाटनाचं भाषण त्याचंच. आधी मान्यवरांना वंदन: गावप्रमुख, त्यांच्या वरचे प्रमुख, त्यांच्याही वरचे, पाद्री, शेख, मुख्याध्यापक. वंदन संपलं तेव्हा वेळही संपली. भाषण उत्तम झालं, असं सर्वांचं मत पडलं.

फाटकाबाहेर त्याची मैत्रीण तियामिके उभी होती, पाठीला बाळ बांधून. बाळंतपणात तिची शाळा सुटली. पुन्हा प्रवेश हवा तर मुख्याध्यापकांना अर्ज, मुदत शुक्रवारची. पण तिला आत सोडेनात. शिबिर शाळा सुटलेल्या मुलींवर होतं. निमंत्रितांच्या यादीत त्यांची नावं नव्हती.

"अध्यक्षसाहेब, एवढा अर्ज आत देता का?"

"अगं, माझ्यावर सोड की!"

अर्ज वाचून लिंबानीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं खरं शिबिरात कुणी लिहीतच नाही. त्याने तो 'प्रेरणादायी उदाहरण' म्हणून फलकावर चिकटवला आणि शुक्रवारी खणखणीत वाचला. टाळ्याच टाळ्या. मुख्याध्यापकांनी तर उभं राहून वाजवल्या. मग फलक अर्जासकट गुंडाळून गाडीने राजधानीला गेला.

"अरे, पण त्यांनी अर्ज घेतला का?"

"घेणं कार्यक्रमात नव्हतं."

तियामिकेने पाठीवरचं बाळ सावरलं. "लिंबा, तू शाळेत टिकला असतास ना, तर नापास झाला असतास. शिबिरात सगळेच पास."

"सोमवारी नवा अर्ज लिही. मी येतो. वंदन नाही, टीशर्ट नाही. मुदत संपली म्हणाले तर दारातच बसतो. आणि माझी चूक सगळी लिहून काढतो."

"हो, आणि त्यालाही लोकांनी टाळ्या वाजवल्या तर?"

तेव्हा लिंबानीने तिला शब्द दिला: जो कोणी हे वाचून नुसतं 'वा!' म्हणेल, त्याचं नाव पुढच्या शिबिराच्या यादीत सगळ्यात वर घालीन, आणि माझा दहावा टीशर्ट त्यालाच देईन.