अनुपस्थित पित्याची हजेरी

आमच्या वस्तीच्या सभागृहाला एक महिला समता समिती आहे. तिचे सातही सभासद पुरुष आहेत. यात आक्षेपार्ह काही नाही. सभा संध्याकाळी सहाला असते आणि त्या वेळी बायकांना स्वयंपाकातून सवड नसते. मी या समितीचा चिटणीस. टेक्सासमधल्या सान अँटोनिओच्या पश्चिम भागात समतेची फाइल इतकी नीट लावलेली तुम्हाला दुसरीकडे सापडणार नाही.

मार्चमध्ये एउलालिया सामारिपा हिचा अर्ज आला. तिची मुलगी यारेत्सी पंधरा वर्षांची होत होती. आमच्या मेक्सिकन रिवाजाप्रमाणे पंधराव्या वाढदिवशी चर्चमधली प्रार्थना आटोपली की सभागृहात जेवण, नाच आणि मुख्य विधी: वडील सर्वांसमोर मुलीच्या पायातले सपाट बूट काढून तिला पहिल्यांदा उंच टाचांच्या सँडल घालतात. एउलालियाचं म्हणणं एवढंच, की सँडल मी घालणार.

आमच्या छापील नमुन्यात त्या जागी 'वडील' असं आहे. खाली बारीक अक्षरात, 'वडील नसल्यास आजोबा, मामा, काका किंवा सुस्वभावी पुरुष शेजारी'. आई मागच्या पानावर येते, 'इतर नातेवाईक व जेवणव्यवस्था' या सदरात.

"सेक्रेटरीसाहेब," एउलालिया मला म्हणाली, "सीमेपलीकडे गेले की मामेबहिणी मला अमेरिकन म्हणतात. इथे दवाखान्यात मी मेक्सिकन. आणि तुमच्या कागदावर मी इतर. पंधरा वर्षं या पोरीच्या घरात कोण राहत होतं, ते एकदा सगळ्यांनी मिळून ठरवा."

अध्यक्ष बाल्देरास भावनाप्रधान आहेत. त्यांनी डोळे पुसले, आम्ही तुमच्याच बाजूचे असल्याचं सांगितलं आणि ठराव एकमताने मंजूर करून घेतला: खास बाब म्हणून आईस 'वडील-समकक्ष' मानावे. अट एकच. वडील अनुपस्थित असल्याचा पुरावा जोडावा.

यारेत्सीचा बाप एरिबेर्तो अकरा वर्षांपूर्वी दूरच्या लबक शहरात कामाला गेला तो गेलाच. एउलालियाने पिशवी भरून कागद आणले. शाळेच्या पालकसभा, लशी, दातांची तार, सगळ्यांवर सही तिची एकटीची. बाल्देरासांनी एकेक कागद चष्म्याजवळ धरून पाहिला.

"यातून तुमची हजेरी सिद्ध होते, ताई," ते म्हणाले. "त्यांची गैरहजेरी नाही होत."

नियमाप्रमाणे अनुपस्थितीचा दाखला अनुपस्थित व्यक्तीनेच, चिटणीसासमोर हजर राहून, सही करून द्यायचा असतो. एउलालियाने तीन आठवडे फोन करकरून एरिबेर्तोला शोधून काढलं. त्याला एकच दिवस मोकळा होता, नेमका सोहळ्याचा शनिवार. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तो आला आणि 'मी येथे नाही' या मजकुराखाली सुवाच्य सही केली.

मग पेच लक्षात आला. वडील आवारात होते.

समितीने भाताच्या पातेल्याशेजारी तातडीची सभा घेऊन तीन मिनिटांत निकाल दिला. बायकांच्या प्रश्नांत आम्ही दिरंगाई करत नाही. वडील उपस्थित, सबब खास बाब रद्द.

संगीत सुरू झालं. एरिबेर्तो मुलीपुढे गुडघ्यावर बसला आणि सभागृहात रुमाल निघाले. चारशे मैल गाडी हाकत आला, बाप असावा तर असा, असं माझी सासूसुद्धा म्हणाली. त्याने डावी सँडल उजव्या पायात घालून पाहिली. मग बक्कल दातांनी ओढून पाहिलं.

यारेत्सीने हळूच पाय मागे घेतला. "आई, तू ये," ती म्हणाली. "यांना माझे पाय नवे आहेत."

एउलालिया खाली बसली. दोन्ही बक्कलं लावायला तिला दहा सेकंदही लागले नाहीत. लेक उठून उभी राहिली तेव्हा आईपेक्षा चार बोटं उंच दिसत होती, आणि दोघी इतक्या हसत होत्या की फोटोग्राफरला बापाला चौकटीत घ्यायचं राहूनच गेलं.

मी नोंदवहीत लिहिलं: 'विधी वडिलांच्या हस्ते संपन्न. किरकोळ मदत: आई.'

नोंद पक्षपाती वाटते तुम्हाला? वाटू द्या. पण खरं सांगा, एउलालियाचा अर्ज वाचताना तुम्हीही पहिल्यांदा हेच शोधलंत ना, की हिचा नवरा कुठे आहे? आमच्याकडे तो प्रश्न निदान छापून घ्यावा लागला. तुम्हाला तोंडपाठ होता. समितीवर एक जागा रिकामी आहे; तुमची पात्रता सिद्ध झालेली आहे.