पडद्यावरचं धान

"पोरगा करते तरी काय, हे पाह्यल्याबिगर साक्षगंधाची तारीख नाही," असं सानगडीच्या श्यामरावांनी कळवलं होतं. म्हणून बी.एस्सी. झालेला भोजराज बपेऱ्याहून वडील गोमाजी यांच्याबरोबर मुलीच्या घरी आला, तोच ट्रंकेत दोन छोटे संगणक घेऊन. एक त्याने बैठकीतल्या टीव्हीला जोडला, दुसरा शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या टीव्हीला, माजघरात. मधल्या खिडकीतून तार नेली.

"सिनेमा हाय का जी?" श्यामरावांनी विचारलं.

"खेळ हाय. निस्ती अक्षरं येतात. तुमी धानाच्या वरच्या बांधीचे मालक, बाबा खालच्या बांधीचे. तलावाचं पाणी तुमच्याकडून त्यायच्याकडे जाते. उद्या तार टेलिफोनची झाली, की बाबा बपेऱ्याहून खेळतीन."

"शेतकऱ्याचं सोंग मी घेऊ? अरे, मी शेतकरीच हाय!"

एकेक अक्षर ठिपके मांडून भोजराजने बनवलं होतं. सूचना इतक्या सोप्या होत्या की कोणाची चूक होणं शक्यच नाही, असं त्याचं ठाम मत होतं. पडद्यावर आलं : 'धानाला पाणी हवं आहे. काय कराल? १. पाणी सोडा. २. पाणी अडवा. ३. धुरा फोडा.'

श्यामरावांनी दोन दाबलं. माजघरात गोमाजींच्या पडद्यावर 'वरून पाणी बंद' अशी अक्षरं आली. गोमाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि तीन दाबून दोन शेतांमधला बांध फोडला. 'तुमचा धुरा फुटला' हे वाचताच श्यामराव ताडकन उठले.

"माह्या घरचा चहा पिऊन माहाच धुरा फोडला?"

"तुमी पाणी कायले अडवलं जी?" माजघरातून आवाज आला.

"माही बांधी भरली नव्हती! अशा घरी पोरगी देत नाही मी. तारीख राह्यली!"

भोजराज संतापला. "अहो, चौथं बटन होतं ना! 'बोला' लिहिलं हाय! कोणीच नीट वाचत नाही!"

"चौथं कुठं हाय?" दारात उभी असलेली सत्यवती, म्हणजे जिचा साखरपुडा ठरायचा होता ती मुलगीच, म्हणाली. "मले तं तीनच दिसून राहिले."

भोजराज वाकला. चौथी ओळ टीव्हीच्या काचेच्या कडेखाली गडप झाली होती.

"वा!" सत्यवती म्हणाली. "भांडाची बटनं समोर, अन् बोलाचं लपवून ठेवलं!"

भोजराजने दोन्ही टीव्हींच्या मागची बटणं पिळून चित्र वर सरकवलं. 'बोला' दिसू लागलं. वडिलांसाठी तो टाइप करायला बसला, श्यामरावांसाठी सत्यवती.

"लिही, पाणीचोर!" गोमाजी ओरडले. ते भिंतीपलीकडे आधी ऐकू गेलं, मग पडद्यावर उमटलं. श्यामराव ऐकून एकदा भडकले आणि वाचून दुसऱ्यांदा. गोमाजींचंही तेच झालं. मग दोघांनी एकमेकांचे आजे काढले.

"पुरे!" भोजराज किंचाळला. "तलाव नाही, धुरा नाही, धान नाही! सारे आकडे हायेत!" आणि त्याने दोन्ही संगणकांना वीज पुरवणारी वायर उपटली.

पडदे काळे झाले. दोघे सोयरे दारात समोरासमोर आले.

"माहं धान?" श्यामरावांनी विचारलं.

"गेलं. वीज तुटली की मशीनले काही आठवत नाही."

"अन् माहं?" गोमाजींनी विचारलं.

"तेही."

"लोंबीवर आलं होतं रे!" श्यामरावांनी कपाळावर हात मारला. "दोघायचं उभं पीक बुडवलं पोट्ट्यानं!"

"ल्हानपणापासून असाच हाय जी," गोमाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "डोस्कं फिरलं की मोडून टाकते."

"अशा पोराले एकटं ठेवणं बरं नाही, इवाई."

"काही भरोसा नाही याचा. कोणीतरी डोळ्यासमोर ठेवणारी पायजे."

"आमची सत्यवती ठेवीन बराबर."

दोघे व्याही एकाच खाटेवर बसले. भोजराजने काही सांगायला तोंड उघडलं.

"तू बोलू नोको!" दोघे एकदम गरजले.

संध्याकाळपर्यंत साक्षगंधाची तारीख ठरली. भोजराजला ती कोणी विचारली नाही.