डेरेकची सही

जानेवारीतल्या सगळ्यात गार सकाळी माल्कम बटरवर्थच्या बॉयलरने दोनदा गुळण्या केल्यासारखा आवाज काढला आणि मान टाकली. अर्ध्या तासात रेडिएटर गार पडले, नळाचं पाणी हाताला झोंबायला लागलं आणि माल्कमची बायको ग्लेनिस ओव्हरकोट आणि लोकरी टोपी घालून टोस्टला लोणी फासायला बसली. लोणीसुद्धा गोठून दगड झालं होतं.

"दहा वर्षांची वॉरंटी आहे की," ती म्हणाली. "अजून निम्मीसुद्धा संपली नाही. लावतेच फोन कंपनीला."

"थांब जरा, आधी मी बघतो."

"तू काय बघणार? गेल्या महिन्यात बल्ब बदलायला शेजाऱ्याला बोलावलंस!"

माल्कमला धडकी भरली. बॉयलरची नव्हे, वॉरंटीची.

स्किप्टन गावात माल्कम बटरवर्थ म्हणजे साधा माणूस नव्हता. बत्तीस वर्षं तो वजनमापं निरीक्षक होता. पबमधल्या बिअरचा ग्लास दोन बोटं कमी भरला तरी याच्या नजरेतून सुटायचा नाही. एका बिचाऱ्या खाटकाला याने सॉसेज दहा ग्रॅम कमी भरलं म्हणून कोर्टाची पायरी चढायला लावली होती, आणि तो खाटीक अजून याला बघून रस्ता बदलतो. असा हा सरळ माणूस! त्याने आयुष्यात एकच लबाडी केली होती, तीही दोनदा, आणि दोन्ही वेळा बॉयलरच्या पुस्तिकेत.

ग्लेनिसने फोन लावलाच. पलीकडची मुलगी अगदी गोड बोलली. "दरवर्षी सर्व्हिसिंग झाल्याची नोंद हवी, मॅडम. पुस्तिकेच्या शेवटच्या पानाचा तेवढा फोटो काढून पाठवा."

"एवढंच ना? आमचे हे सगळं वेळच्या वेळी करतात."

हे ऐकून माल्कमला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

झालं होतं ते असं. डेरेक हर्स्ट नावाचा गॅसवाला वीस वर्षं दर नोव्हेंबरात यांच्या घरी यायचा. अर्धा तास बॉयलर उघडून बसायचा आणि मग तासभर माल्कमबरोबर चहा, आल्याची बिस्किटं आणि क्रिकेट. सोळा महिन्यांपूर्वी डेरेक वारला. माल्कमने शवपेटीला खांदा दिला, चर्चमध्ये चार शब्द बोलला, आणि बोलताना रडलासुद्धा. दोन महिन्यांनी नोव्हेंबर आला. दुसऱ्या गॅसवाल्याला बोलवायला माल्कमने फोन उचलला आणि त्याला कसंसंच झालं. डेरेकने बसवलेल्या बॉयलरला परक्या माणसाने हात लावायचा? त्याने फोन खाली ठेवला. ग्लेनिस दर नोव्हेंबरसारखी व्हिटबीला बहिणीकडे गेलेली. माल्कमने पुस्तिका काढली आणि डेरेकच्या नोंदींच्या खाली तारीख, डेरेकचं नाव, परवाना क्रमांक, फोन नंबर असं सगळं भरून डेरेकची सही ठोकून दिली. बत्तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासलेला माणूस तो, सही झकास उतरली. "माणूस येऊन गेला," त्याने ग्लेनिसला सांगितलं. दुसऱ्या वर्षी तर अर्ध्या मिनिटात काम झालं.

"आण इकडे, मी काढते फोटो," ग्लेनिस म्हणाली.

"नको नको, तुझा हात हलतो." माल्कमने पुस्तिका छातीशी धरली आणि स्वतःच फोटो काढून पाठवून दिला.

दहा मिनिटांत कंपनीचं उत्तर आलं: 'कृपया पानावरचा अंगठा काढून पुन्हा फोटो पाठवा.'

"अरे, अंगठा काय ठेवतोस मध्ये!" ग्लेनिस खेकसली. आता ती खांद्यावरून डोकावत होती. नशीब, तिचा चष्मा वरच्या खोलीत राहिला होता. माल्कमने निमूटपणे अंगठा काढला.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून कुणी गृहस्थ बोलले. ग्लेनिसने फोन मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला.

"एक अडचण आहे," गृहस्थ म्हणाले. "हे डेरेक हर्स्ट सोळा महिन्यांपासून परवानाधारकांच्या यादीत नाहीत. तेव्हा शेवटच्या दोन नोंदी आम्हाला धरता येणार नाहीत."

ग्लेनिसने माल्कमकडे पाहिलं. माल्कमने चहाच्या कपाकडे पाहिलं.

"आम्ही नोंदीतल्या नंबरवर फोनही केला. मिसेस हर्स्ट होत्या. त्या म्हणाल्या, काम डेरेकनेच केलंय, परवान्याचं तेवढं विसरला, वय झालंय त्याचं."

"कोण म्हणालं?" ग्लेनिसचा आवाज चढला.

"त्यांची पत्नी. पण मॅडम, परवाना नसताना गॅसचं काम करणं हा गुन्हा आहे. आम्हाला डेरेक हर्स्ट यांच्यावर तक्रार नोंदवावी लागेल. उद्या आमची तंत्रज्ञ येऊन बघेल."

फोन बंद झाला.

"माल्कम," ग्लेनिस सावकाश म्हणाली, "डेरेकच्या अंत्ययात्रेला मी काळा कोट घालून आले होते. हाच कोट."

"हो."

"मग नोव्हेंबरात कोण येऊन गेलं?"

माल्कमने सांगितलं. सगळं सांगितलं. ग्लेनिस ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "गॅस आहे तो, माल्कम. माणसं झोपेत जातात. दोन वर्षं मी त्या बॉयलरच्या वरच्या खोलीत झोपतेय." आणि ती वर जाऊन पांघरुणात शिरली. माल्कम खाली बसून राहिला. डेरेकने उभ्या जन्मात एक स्क्रू सैल सोडला नव्हता, आणि मेल्यावर त्याच्या नावावर गुन्हा लागणार होता. लावणारा कोण, तर खांदा देणारा. माल्कमला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीची तंत्रज्ञ आली. बेथनी नावाची तिशीतली बाई, हातात पेटी, नाक थंडीने लाल. तिने पेटी खाली ठेवली न ठेवली तोच माल्कम तिच्यापुढे उभा राहिला.

"मला कबुली द्यायची आहे."

"मला आधी टॉयलेटला जायचंय," बेथनी म्हणाली.

ती परत येईपर्यंत माल्कम जिन्यापाशी ताटकळला. मग त्याने एका दमात सगळं ओकून टाकलं. "सह्या माझ्या आहेत. डेरेकचा काही दोष नाही. तो वारलाय. वॉरंटी रद्द करा, मला कोर्टात खेचा, पण त्याचं नाव खराब करू नका."

बेथनी मागच्या दाराने बाहेर गेली आणि भिंतीबाहेरच्या एका पांढऱ्या पाइपवर तिने बोटाने टकटक केलं.

"बॉयलरचं पाणी या पाइपातून बाहेर जातं. गोठलाय तो, म्हणून बॉयलर बंद पडला. किटलीभर कोमट पाणी आणा."

"म्हणजे?"

"म्हणजे बॉयलरला धाड भरलेली नाही. आणि पाइपातला बर्फ वॉरंटीत येतच नाही, सर्व्हिसिंग करा नाहीतर करू नका."

दोन किटल्या ओतल्या आणि बॉयलर सुरू झाला. माल्कमला आनंद व्हायला हवा होता. पण आपण इज्जत घालवली ती किटलीभर पाण्यासाठी, हेच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

बेथनीने ग्लेनिसच्या समाधानासाठी बॉयलर उघडून नीट तपासला, पुस्तिकेतल्या दोन ओळींवर काट मारली आणि खाली स्वतःची सही केली. "दावाच नाही, तर तक्रार कसली? वरच्या साहेबांना मी समजावते," ती म्हणाली. "पण त्या मिसेस हर्स्टना जाऊन भेटा, मिस्टर बटरवर्थ. तुमच्यासाठी खोटं बोलल्यात त्या."

"जातोय हा," ग्लेनिस म्हणाली. "आत्ताच जातोय."

डेरेकचं घर तीन गल्ल्या सोडून होतं. त्याच्या बायकोने, पॉलीनने, दार उघडलं तेव्हा तिच्या अंगावर दोन स्वेटर होते आणि वर डेरेकचा जुना कोट. माल्कमने उंबऱ्यावरच माफी मागायला सुरुवात केली.

"आत ये रे, दार लाव. वारा येतोय," ती म्हणाली. "एवढं काय घेऊन बसलास? या हिवाळ्यातला तू चौथा."

"चौथा?"

"चौथा! डेरेकने मेल्यावर जेवढी कामं केली तेवढी जिवंतपणी उरकली नव्हती. तो खाटीकसुद्धा त्यातलाच. सही मात्र अगदीच वाईट केली म्हणे मेल्याने."

माल्कमला हसावं की रडावं कळेना. मग त्याच्या लक्षात आलं की खोलीतही त्याच्या तोंडातून वाफ निघतेय.

"तुझा बॉयलर..."

"पंधरा दिवस बंद आहे. कंपनी म्हणते, डेरेक हर्स्टची सही चालणार नाही." पॉलीनने नजर चुकवली. "मीच केली होती. त्याच्या पुस्तिकेत दुसऱ्या कुणाचं नाव बघवेना. मग त्यांनी चौकशीला डेरेकच्या नंबरवर फोन केला, तो उचलला मीच. गिऱ्हाईकही मी, साक्षीदारही मी. फोनवरची मुलगी म्हणते, बाई, आपण मघाशीच बोललो का?"

माल्कमला हसू फुटलं आणि तो पोट धरून हसला. हसता हसता त्याने पाहिलं, पॉलीन हसत नव्हती.

"उद्या आमच्याकडे आलेल्या बेथनीला पाठवतो," तो घाईघाईने म्हणाला. "चांगली मुलगी आहे. चालेल ना?"

"पाठव. तिची सही तिने करावी." पॉलीनने टेबलावरचा फोन उगाच सरळ केला. "सोळा महिन्यांत हा फोन वाजला तो बॉयलर कंपन्यांचाच, माल्कम. आणि तू तर हा नंबर दोनदा लिहिलास, स्वतःच्या हाताने. पाठ असणार तुला. एकदाही लावून बघावासा वाटला नाही, राजा?"