वर्तकनगरात शाश्वत विकास येतो

“पंचवीस माणसं? अगं, मी नुसता शिंकलो तरी पंचवीस माणसं गोळा होतात!”

हे बोलताना सहदेवराव राऊळ खरोखरच शिंकले, आणि बायकोशिवाय कोणी फिरकलं नाही. तीसुद्धा रुमाल द्यायला आलेली. पण भाचीसमोर माघार कशी घ्यायची? टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यापासून वर्तकनगरच्या आपल्या कॉलनीचे ते सेक्रेटरी होते. पाण्याच्या टाकीपासून पूजेच्या प्रसादापर्यंत त्यांच्यावाचून पान हलत नाही, अशी त्यांची स्वतःची खात्री होती.

भाचीचं, म्हणजे हेमांगीचं काम तसं साधं होतं. शाश्वत विकासासाठी देशाने काय करायचं, याचा अहवाल केंद्र सरकारला तयार करायचा होता. तो दिल्लीत बसून लिहायचा नाही, समाजातल्या सगळ्या थरांना विचारून लिहायचा, असं ठरलं होतं. म्हणून शहरोशहरी बैठका. ठाण्याची बैठक भरवायचं काम एका संस्थेकडे आलं, आणि संस्थेने ते हेमांगीवर ढकललं. तिला तिथे लागून दोनच महिने झालेले. नोकरी अजून कायम व्हायची होती.

“मामा, बैठकीला पंचवीसच पुरेत, पण सगळे घटक हवेत हां. महिला, ज्येष्ठ, दुकानदार, शिक्षक, कोळी बांधव...”

“घटक ना? पाहिजे तेवढे घे!”

कोळी बांधव म्हणून त्यांनी चेंदणी कोळीवाड्याच्या चंद्रभागाबाईंना सांगितलं. वीस वर्षं त्यांच्याच पाटीतली मासळी राऊळांच्या घरी येत होती. उरलेल्या घटकांसाठी त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘शनिवारी सकाळी दहा वाजता शेजारच्या सभागृहात शाश्वत विकास यांची बैठक. दिल्लीहून टीम येत आहे. सर्वांचं म्हणणं ऐकून घेणार. अवश्य यावे.’

‘यांची’ हा शब्द त्यांनी आदराने घातला होता. सरकारी काम म्हटल्यावर आदर नको?

आता कॉलनी कशी, तर अकरा वर्षं रीडेव्हलपमेंटची वाट बघणारी. तीन बिल्डर आले, चहा पिऊन गेले. स्लॅबचे पोपडे मात्र नेमाने पडत होते. अशा कॉलनीत तळमजल्यावरच्या इस्टेट एजंट विकीने हा मेसेज वाचला आणि तो खुर्चीतून उडालाच! त्याने लगेच पुढे पाठवला: ‘दिल्लीका बडा बिल्डर, शाश्वत विकास! अपनी कॉलनीत इंटरेस्टेड!’ रात्रीपर्यंत मेसेज मागच्या कॉलनीत पोचला, तेव्हा शाश्वत विकास यांचे दुबईत सहा टॉवर उभे राहिले होते.

शनिवारी सभागृहात खुर्च्या साठ आणि माणसं तीनशे! प्रत्येकाच्या काखेत फाइल. सहदेवरावांची छाती पुरीसारखी फुगली.

“बघितलंस? याला म्हणतात जनसंपर्क!”

“मामा, पण हे सगळे फाइली घेऊन का आलेत?”

“अभ्यास करून आलेत गं!”

तेवढ्यात चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गोदाकाकूंना आत आणलं. काकू तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. गुडघे गेल्यापासून दोन वर्षांत जिना उतरल्या नव्हत्या. आज इरकलीची घडी मोडून आलेल्या. त्यांनी सहदेवरावांचा हात घट्ट धरला. “सहदेवा, करून दाखवलंस रे!”

“मी कसलं काकू, सरकारच करतंय!”

“सरकार पण आहे पाठीशी!” मागून कोणीतरी ओरडलं, आणि अख्ख्या सभागृहात टाळ्या पडल्या.

दिल्लीच्या मॅडम भारावूनच गेल्या. एवढी गर्दी त्यांना कुठल्याच शहरात मिळाली नव्हती. त्या माइकपाशी आल्या. “हमारे सत्रह लक्ष्य हैं...”

“सतरा मजले!” विकीने मराठीत समजावलं. टाळ्या!

“दो हज़ार तीस तक पूरे करने हैं...”

“तीस साली पझेशन!”

“और किसी को भी पीछे नहीं छोड़ना है!”

“म्हणजे मागच्या बत्तीस नंबर बिल्डिंगला पण घेणार!” पार्किंगवरून वर्षानुवर्षं न बोलणारे दोन गृहस्थ एकमेकांच्या गळ्यात पडले.

“मॅडम, पानी चोवीस तास आयेगा क्या?”

“साफ पानी सबको मिले, यह तो छठा लक्ष्य है!”

“सहाव्याला पण फुल प्रेशर!”

“और कार्पेट कितना मिलेगा?”

मॅडमनी गोंधळून पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. एवढ्यात दुसरा उठला. नवी बिल्डिंग होईपर्यंत राहायचं कुठे, ही त्याची काळजी. “ट्रान्झिट कँप कहाँ देंगे?” मॅडम हेमांगीच्या कानाशी वाकल्या. “यहाँ बाढ़ आई थी क्या?”

हेमांगीचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. तिने मामांकडे पाहिलं. मामांनी फाइलींकडे पाहिलं, मग विकीकडे, मग पाठीमागच्या बॅनरवरच्या ‘शाश्वत विकास’ या दोन शब्दांकडे. आणि ग्रुपवर टाकलेला मेसेज त्यांना शब्दशः आठवला, ‘यांची’सकट.

मागचं दार उघडं होतं. चप्पलही पायातच होती. सहदेवरावांनी एक पाऊल टाकलंसुद्धा! पण गोदाकाकूंनी सदरा ओढला.

“मला वरचा मजला दिला तरी चालेल रे. लिफ्ट असली म्हणजे झालं. खाली भाजी आणायला जाईन म्हणते.”

त्यानंतर पळून जाणं त्यांना जमलं नाही. त्यांनी माइक घेतला. आवाज एरवी टेंभी नाक्यापर्यंत जाईल असा, आज पहिल्या रांगेपर्यंत पोचेना.

“मंडळी... हा बिल्डर नाही. शाश्वत विकास म्हणजे माणूसच नाही. हवा, पाणी, घरं, सगळं पुढच्या पिढ्यांनाही पुरावं, म्हणून सरकार आपलं मत विचारतंय. मेसेज मीच चुकीचा लिहिला. माफ करा.”

झालं, छप्पर उडालं!

“फसवलं!”

“राजीनामा द्या!”

सर्वांत मोठ्याने ओरडत होता विकी. खुर्च्या सरकल्या, लोक दाराकडे निघाले. हेमांगी डोळे पुसत हजेरीच्या याद्या गोळा करू लागली. ते बघून लोकांनी दिलेल्या सगळ्या शिव्या सहदेवरावांना कमीच वाटल्या.

तेवढ्यात चंद्रभागाबाई उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, हात कमरेवर.

“बसा रे गुपचूप! मी धंदा टाकून आलीय हितं. बिल्डर नाय तर नाय, पन ही बाई इचारते तर सांगा ना! खारीन आमचे जाल्यान मासं कमी न पलास्टिकच्या पिशव्याच जास्त येतान. दिल्लीला कोनी सांगतलंय कवा? तुमचे नलाला पानी नाय, जिन्यान दिवा नाय, ते पन सांगा!”

दारातले काही जण थबकले, आणि शेवटी चाळीसेक माणसं परत बसली. हेमांगीने नाक पुसलं आणि आतापर्यंतचा सगळा घोळ मॅडमना हिंदीत सांगून टाकला. मॅडम आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी छापील प्रश्नावली बाजूला ठेवून कोरा कागद घेतला.

दीड वाजेपर्यंत लोक बोलत होते. खाडी, गटार, पाणी, पडणारे पोपडे. मॅडमचे सात कागद भरले. “ऐसी मीटिंग फिर रखना,” त्या हेमांगीला म्हणाल्या, तेव्हा कुठे सहदेवरावांनी पोटभर श्वास घेतला.

आणि मग दिसलं, की काकूंना आणणारे चौघे केव्हाच रागावून निघून गेलेत, आणि बाकीचे जेवायला पांगलेत!

शेवटी खुर्चीचे पुढचे पाय सहदेवरावांनी आणि हेमांगीने धरले, मागचे चंद्रभागाबाईंनी आणि दिल्लीच्या मॅडमनी. दुसऱ्या मजल्यावर मॅडमना धाप लागली. तिसऱ्यावर सहदेवरावांच्या कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. काकूंना दारात उतरवून चौघं भिंतीला टेकून उभी राहिली.

सहदेवरावांनी मान खाली घातली. “काकू, उगाच आशा लावली तुम्हाला. चुकलंच माझं.”

काकू मात्र गालात हसत होत्या. खाली किती माणसं भेटली, बत्तीस नंबरवाल्यांची सून केवढी जाड झाली, सगळं त्यांना सांगायचं होतं. बोलता बोलता त्या थांबल्या.

“पुढच्या शनिवारी पण ठेव की रे बिल्डरची बैठक. खोटी असली तरी चालेल!”