दोन इंच खाली

कात्रजच्या घाटात गाडी वळणाबाहेर जाऊन कडेच्या मुरमात थांबली, तेव्हा पत्नी कुसुमताईंच्या मांडीवरच्या डब्यातले श्रीखंड दीनानाथांच्या सदऱ्यावर होते.

"आपण वळणार होतो ना?" दीनानाथांनी विचारले.

"हो बाबा. मी स्टिअरिंग फिरवलं. गाडी नाही वळली," श्यामसुंदर म्हणाला.

"मग रविवारपर्यंत शिकव तिला. नाहीतर जुन्या स्प्रिंगा परत."

आखूड स्प्रिंगा घालून श्यामसुंदरने गाडी दोन इंच खाली बसवली होती. ती दिसत झकास होती, पण वेगात वळवली की पुढची चाके घसरत आणि नाक सरळ चालू लागे. दुसऱ्या दिवशी त्याने हडपसरचे गेनबा मिस्त्री गाठले. गेनबांनी संगणक लावला नाही. पुढच्या चाकाशी गवंड्याचा ओळंबा धरला आणि टायरवरून हात फिरवला.

"गाडी कलली का चाक निस्तं बाहेरच्या कडंवर उभं ऱ्हातंय. पकड कुठनं मिळंल? चाकाचा माथा जरा आत घ्यायचा. भागलं न्हाई तर मागचा बार, गाडीला कलू न देनारा, थोडा कडक करायचा. पन येका टायमाला येकच. दोन केलं, तर कशानं काय झालं ते बी कळायचं न्हाई."

त्यांनी चाकाचा माथा आत घेतला आणि रविवारी वाघोलीच्या मोकळ्या मैदानावर यायला सांगितले. श्यामसुंदरला मात्र धीर नव्हता. रविवारी सकाळी त्याने घरीच मागचा बार शेवटच्या, सगळ्यात कडक भोकाला नेला आणि मागच्या टायरांत हवाही ठासली.

मैदानावर गेनबांनी फक्कीने मोठे वर्तुळ आखले होते. दीनानाथ वही घेऊन शेजारच्या सीटवर बसले. शाळेची प्रयोगशाळा त्यांनी तीस वर्षे सांभाळली होती. अर्धी फेरी झाली आणि गाडीची शेपटी पुढे आली. धूळ बसली तेव्हा गाडी आल्या वाटेकडे तोंड करून उभी होती.

"वळत नाही म्हणत होतास," दीनानाथ म्हणाले. "आता पूर्ण वळली."

गेनबा खाली वाकले, बार पाहिला. "काय काय केलंय?"

"बार... आणि थोडी हवा."

दीनानाथांनी चष्मा काढला. "एका प्रयोगात दोन बदल? माझ्या घरात?"

बार आणि हवा पूर्ववत झाली. पुढच्या फेरीत नाक अजून थोडे रेघेबाहेर गेले. मग गेनबांनी बार एकच भोक सरकवला. फेरी झाली की ते टायरच्या आतल्या कडेवर, मध्ये आणि बाहेरच्या कडेवर तळहात ठेवत. "भाईर जास्त तापलाय," ते म्हणत. दीनानाथ लिहून घेत. माथा आणखी जरा आत, पुन्हा फेरी. मग पुढची हवा, पुन्हा फेरी. सातव्या फेरीत गाडी फक्कीच्या रेघेवरून अशी फिरली, की बाहेर जाईना, आत येईना. टायर तिन्ही जागी सारखाच गरम लागला. दीनानाथ त्या काळ्या तळहाताकडे बघतच राहिले.

"उतर," ते मुलाला म्हणाले. "निर्णय माझा आहे."

त्यांनी एक फेरी मारली. मग दुसरी. चौदाव्या फेरीनंतर ते उतरले.

"बाबा, जुन्या स्प्रिंगा..."

"हात तर लावून बघ!" दीनानाथांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि गेनबांकडे वळले.

"मिस्त्री, पुढच्या रविवारी फक्त मागची हवा बदलून पाहू. आपण दोघंच येऊ."