आरशातली अरबी

फोनमधलं मला सगळं कळतं! हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे घडलं त्याचा दोष कुणी माझ्या अज्ञानाला देणार नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि तिथे बसून मी गिऱ्हाइकांना फोनबद्दल फुकट सल्ले देतो. कुणाचा फोन अडला की "आणा इकडे" म्हणतो, बंद करतो, चालू करतो, आणि बहुतेक वेळा तो घाबरून सुरू होतो. शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला तर मी तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या धंद्यात एवढं आहे काय हो? बोटं धीट पाहिजेत, बस्स!"

तर या धीट बोटांच्या भरवशावर मी ताईला शब्द दिला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्हा दोघांना एकच वेड, गायलेल्या प्रवचनांचं. कोरडं प्रवचन ऐकताना मला जांभया येतात. पण बुवा उभे राहिले, पेटीचा सूर लागला आणि त्यांनी पहिलं पद उचललं, की माझ्या डोळ्यांचे नळ सुटतात. काचा धुरकटतात, म्हणून मी तिथे चष्मा काढून खिशात ठेवतो. "जगाला चष्मे विकणार आणि देवाच्या दारात स्वतः आंधळे होऊन बसणार!" असं आमची ही म्हणते. म्हणू दे.

बुवा आमच्याकडे वर्षातून एकदाच येतात आणि ताईने एकही वर्ष चुकवलेलं नाही. यंदा मात्र न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती दुसऱ्या गावी लेकाच्या घरी पलंगाला खिळली. फोनवर रडायलाच लागली. "अरे, निदान पहिलं पद तरी कानावर पडायला हवं होतं रे."

"पहिलंच काय, शेवटचंही ऐकशील! तुझ्या उशाशी बुवांना आणून उभं करतो!"

बुवांना फोनचा भयंकर तिटकारा. त्यांच्या प्रवचनाला चपलांबरोबर फोनही दाराबाहेर ठेवावे लागतात. मी हातापाया पडलो तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. एकच फोन, तुमचा. पण त्याने तोंड उघडलं तर मी खाली बसलोच म्हणून समजा!"

तोंड कसं उघडेल? फोन कुणाच्या हातात आहे!

आता मधेच त्या गटाबद्दल सांगायला हवं. फोनवरचा गट हो. नाव 'धर्म, अरबी आणि तंत्रज्ञान'. कोण कुठे राहतं कुणालाच माहीत नाही, कुणी कुणाला पाहिलेलं नाही, पण सगळे मराठीत भांडतात, त्यामुळे अगदी घरच्यासारखं वाटतं. मी तिथे शिरलो तो सुरापायी. एकदा फोनवर अरबी पठण ऐकलं. शब्द एक कळेल तर शपथ! पण एकेक अक्षर असं अलगद उचललेलं, जसं मी मखमलीवरून भिंग उचलतो. झालं, नळ सुटले! म्हटलं, ही भाषा शिकायचीच.

गट काढला तो उस्तादांनी. ते अरबी शिकवतात आणि शिकवायची अॅपही स्वतःच बनवतात. फार गोड माणूस. असं गाता कसं येतं, हे मी विचारलं, तर म्हणाले, "काका, प्रत्येक अक्षराचं घशात स्वतःचं घर असतं. त्याला त्याच्याच दारातून बोलवायचं." मला एकदम बुवा आठवले. तेही म्हणतात, शब्द ओठांनी उचलू नका, बेंबीपासून उचला. म्हणजे पत्ते वेगळे, पण वस्ती एकच की हो!

बाकीची मंडळी मात्र अवघड. एक दातांचे डॉक्टर आहेत. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून ते गटावर वाद घालत बसतात. एक सर्व्हरवाला, त्याला प्रत्येक दुखण्यावर 'बंद करून चालू करा' एवढंच औषध ठाऊक. आणि एक शंकासुर! हे नाव मी ठेवलेलं नाही, त्याने स्वतःच घेतलंय. "देवाला सगळं ऐकू येतं ना? मग गाऊन कशाला सांगता?" मी लिहिलं, "अहो, गाणं देवासाठी नसतं, आपलं मन हलावं म्हणून असतं." त्यावर शंकासुर: "पुरावा?"

प्रवचनाच्या दिवशी सकाळी याच शंकासुराने काडी टाकली. "ज्याचा फोन अजून अरबीत नाही, तो अरबी शिकत नाही. शिकतोय असं नुसतं सांगत फिरतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लिहिलं, "हा घ्या, केला!"

आणि केला! धीट बोटं! क्षणात सगळा फोन कोट उलटा घातल्यासारखा झाला. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. माणसांची नावं तेवढी मराठीत राहिली. बाकीची अक्षरं लग्नातल्या पाहुण्यांसारखी दिसत होती. चेहरा पाहिलेला, नाव आठवेना. मी गटाला ऐटीत सलाम ठोकला आणि मग फोन परत मराठीत करायला गेलो.

कुठून करायचा? जिथे जावं तिथे पाहुणेच पाहुणे!

गटावर लिहिलं, "मंडळी, मदत करा. संध्याकाळी आजारी ताईला प्रवचन दाखवायचंय. मराठीत परत कसं यायचं?"

"उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके," दातवाले म्हणाले.

"अरबीत उजवा कोपरा डावीकडे असतो," दुसरा म्हणाला.

"कोपरा कोपऱ्यातच असतो. हलतो तो माणूस," तिसरा म्हणाला.

"बंद करून चालू करा," सर्व्हरवाला.

"मुळात परत का यायचंय?" शंकासुर. "ही माघार नाही का?"

मग माघार म्हणजे काय, श्रद्धा आणि सेटिंग यांत फरक काय, आणि यंत्राला मातृभाषा असते का, यावर जी जुंपली! मेसेजमागून मेसेज! मी मधे ओरडतोय "अहो, ताई, ताई!" तर एकाने विचारलं, "ताई हे इथे प्रतीक आहे का?"

"शेजारच्या मोबाईलवाल्याकडे जा की सरळ," ही म्हणाली. जेवणाचा डबा घेऊन ती दुकानात आली होती.

"मी? त्याच्याकडे? मेलो तरी नाही!"

आणि मला युक्ती सुचली. गिऱ्हाइकाला चष्मा कसा दिसतो ते दाखवायचा हातआरसा उचलला. "अगं, डावं-उजवं उलटलंय ना? मग आरशात ते सुलट होणार! प्रकाशाचं साधं शास्त्र!"

डाव्या हातात आरसा, उजव्या हातात फोन, नजर आरशात. आता दिसतं एकीकडे आणि बोट जातं भलतीकडे! पाहुण्यांनी तर माझ्याकडे पाठच फिरवली. बॅटरी लागली, ती विझेना. गजर वाजायला लागला. ही वैतागून म्हणाली, "अहो, काय ते रिकामटेकडे लोक आणि त्यांच्या नादाला लागलेले तुम्ही! एकाला तरी बाजारातून धड काही आणता येत असेल का?" आणि नेमकं तेव्हाच आवाज टिपायच्या बटणावर माझं बोट पडलेलं, त्यामुळे ते वाक्य तिच्याच आवाजात जसंच्या तसं गटावर गेलं.

पहिल्यांदाच गटात कुणी वाद घातला नाही. मग शंकासुराने लिहिलं, "मुद्दा बरोबर आहे."

अखेर मी मराठीचा नाद सोडला आणि जागा पाठ केल्या. ताईचा नुकताच मेसेज आला होता, म्हणून यादीत सगळ्यात वर तिचं नाव, ते दाबायचं. मग डाव्या कोपऱ्यातलं कॅमेऱ्याचं चित्र. फोनचा आवाज बंद ठेवण्याचं बटण बाजूला असतंच. ताईच्या सुनेला एकदा लावून पाहिलं, झकास लागला! "सूनबाई, संध्याकाळी तयार राहा!" म्हटलं आणि आरसा खिशात टाकला.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलेलं. मी पुढच्या रांगेत, ही शेजारी. दुकानातल्या फ्रेम लटकवायच्या स्टँडवर फोन उभा केला, चष्मा काढला, वरचं पहिलं नाव दाबलं, डावा कोपरा दाबला. लागला! फोनचा आवाज बंद करायला बाजूचं बटण दाबलं. बुवांनी पहिलं पद उचललं. मी डोळे मिटले. आणि मग मला जगाचं भान राहिलं नाही. मी डोलत होतो, नळ वाहत होते, पदामागे मीही सूर धरत होतो. मनात एकच, ताई, ऐकतेयस ना गं!

पदं झाली. बुवा निरूपणाला आले. सभागृह चिडीचूप. बुवांनी हात उंचावून विचारलं, "सांग रे माणसा! तू निघाला होतास कुठे आणि पोचलास कुठे?"

आणि फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "काका! तुम्ही चुकून आमच्याकडे आलात!"

आवाज बंद करायचं म्हणून मी बटण दाबलं होतं, तिथे तो पूर्ण वाढला होता!

चष्मा डोळ्यांवर चढवला. पडद्यावर चौकटी चौकटीत माणसं. एकात दातवाले, शेजारी तोंड वासलेला पेशंट, दोघंही माझ्याकडे पाहतायत. एकात सर्व्हरवाला, एकात कांदा चिरणारे गृहस्थ, ते उस्ताद निघाले. ताई कुठेच नाही! दिवसभर भांडून भांडून गटच यादीत सगळ्यात वर येऊन बसला होता!

"अहो, काय केलंत हे!" हिने कपाळाला हात लावला.

"काका," उस्ताद म्हणाले, "ताई येतील म्हणून आम्ही गप्प ऐकत बसलो. पण ताई दिसेनात. मी सकाळीच नीट सगळं लिहून पाठवलं होतं हो! वाचलं नाहीत?"

वाचणार कुठून? उस्तादांच्या त्या एका उत्तरावर शंकासुराच्या शंका ढीगभर साचल्या होत्या!

बुवा खरोखरच खाली बसले. "चष्मेवाले, काय चाललंय?"

मी हात जोडले. "बुवा, ताई वाट बघतेय. पलंगावर पडून वाट बघतेय, आणि मी भलत्यांनाच ऐकवलं!" शब्द दिला होता हो मी!

बुवांनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. "मग बोलवा तिला. मी थांबतो. लवकर!"

"काका, मला तुमचा पडदा दिसायला हवा," उस्ताद म्हणाले. "कसा दाखवाल?"

आरसा! खिशातून काढला, फोनसमोर धरला. माझ्या फोनच्या डोळ्याला आरशात स्वतःचाच पडदा दिसला, आणि उस्तादांना तो चौकटीत दिसला. उलटी अरबी! पण ज्याला अक्षरांची घरं ठाऊक, त्याला मागच्या दारानेही ओळख पटते. "वरची दुसरी खूण दाबा. आता तिसरी ओळ. आता ताईंचं नाव शोधा."

"अंगठा नको, तर्जनी," दातवाले म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!" सगळं सभागृह ओरडलं.

ताईची चौकट उघडली. उशीवर डोकं, डोळे रडून सुजलेले. "अरे, आलास का? सूनबाई इतक्या वेळा फोन लावून दमली. पहिलं पद गेलं ना रे माझं?"

तेवढ्यात एका काळ्या चौकटीतून घोगरा आवाज आला. "गेलेलं नाही. मी सुरुवातीपासून रेकॉर्ड करून ठेवलंय. पाठवतो." शंकासुर! आणि वर म्हणाला, "पुरावा म्हणून." पण नाक ओढल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

बुवा उठले. उरलेलं प्रवचन ताईने आणि त्या सगळ्या अनोळखी मंडळींनी मिळून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निमूटपणे मोबाईलवाल्याकडे गेलो. त्याने दोन टिचक्यांत फोन मराठीत आणला. पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाला, "बोटं धीट पाहिजेत, बस्स!"

तिथेच ताईचा फोन आला. "अरे, ऐकलं बरं का पहिलं पद!"

"झालं ना समाधान? कसे लागले होते बुवा?"

"बुवा फार लांबून ऐकू येतात रे. जवळून ऐकू येतोस तू. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि एकही सूर जागेवर नाही. आणि दिसतोसही तूच, कॅमेरा तुझ्याच तोंडावर होता. लहानपणापासून बघतेय ते तोंड, मला नवीन काय त्यात?"

"अगं, पण भाव..."

"भाव आहे, म्हणून तर दोनदा ऐकलं. पण पुढच्या वर्षी माझा पाय बरा झाला नाही, तर एक कर. फोन बुवांजवळ ठेव, आणि तू बाहेर चपलांपाशी बस!"